वाचतो सगळं, पण 'कशावरून?' विचारलं की गप्प होतो

मागचा_बाक

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सरकारी कॉलेजात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय इतिहास, जोडीला साहित्य आणि तत्त्वज्ञान. विषय माझे मी घेतलेत, कोणी ढकललं नाही, उलट घरच्यांना पटवता पटवता नाकी नऊ आले होते, त्यामुळे आता जमत नाहीये हे घरी बोलायची सोय नाही.

झालंय असं की इतिहासाच्या मॅडमनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांवर निबंध दिला होता. मी दोन आठवडे लायब्ररीत बसून चार पुस्तकं वाचली, नोट्स काढल्या, आठ पानं लिहिली. परवा निबंध परत मिळाला. मार्क नाहीत. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात तीन ठिकाणी एकच शब्द, 'कशावरून?' पहिला आहे 'शेतकरी अत्यंत त्रस्त होते' या वाक्यासमोर, दुसरा 'राजा निष्क्रिय आणि बेफिकीर होता' यासमोर आणि तिसरा 'त्यामुळे क्रांती अटळ होती' यासमोर. शेवटच्या पानावर खाली लिहिलंय, 'माहिती ठीक. पण यात तू कुठे आहेस? तीन आठवड्यांत परत लिहून आण.'

मला खरंच कळेना. शेतकरी त्रस्त होते हे चारही पुस्तकांत आहे, मी घरी बसून बनवलेलं नाही. आणि 'तू कुठे आहेस' म्हणजे काय, दोनशे वर्षांपूर्वीच्या क्रांतीबद्दल पहिल्या वर्षाच्या पोराला काय मत असणार, मोठमोठ्या लोकांनी आधीच सगळं लिहून ठेवलंय की.

दुसरी गोष्ट सेमिनारची. दर शुक्रवारी पंधरा जणांचा गट बसतो, एखादा उतारा वाचून यायचा आणि त्यावर बोलायचं. मी वाचून जातो, कधीकधी दोनदा वाचून जातो, पण बोलताना डोक्यात वाक्य जुळवेपर्यंत चर्चा तिसरीकडे पोचलेली असते आणि मग माझं वाक्य शिळं वाटायला लागतं. चार महिने झाले, एक शब्द बोललेलो नाही. चार दिवसांनी त्याच उताऱ्यात काय होतं विचारलं तर तेही सांगता येत नाही, हे जास्त टोचतं.

मॅडमच्या खोलीच्या दारावर भेटायच्या वेळा लावलेल्या आहेत. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. आत जाऊन म्हणू काय, 'मला काहीच कळलं नाही'?

कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

वहीवाली

अरे सगळं वर्णन माझ्याच पहिल्या वर्षाचं वाटलं. मी आता एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, साहित्य.

मी फक्त तुझ्या 'चार दिवसांनी आठवत नाही' बद्दल बोलते, बाकीचं इथली शिकवणारी मंडळी सांगतील. माझं पहिल्या वर्षाचं एक पुस्तक अजून माझ्याकडे आहे, त्यात पानंच्या पानं हायलायटरने पिवळी केलेली आहेत, इतकी की न रंगवलेली ओळच उठून दिसते. तेव्हा वाटायचं किती मन लावून वाचलंय आपण. परीक्षेच्या आधी तीच पिवळी पानं परत वाचायचे आणि सगळं ओळखीचं वाटायचं, आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटायचं, इथेच फसायला होतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, कॉलेजच्याच मुलांवर केलेला. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवेल तसं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटं, लिहून काढणारे बरेच पुढे. मला हे कळलं त्या दिवशी हायलायटर ठेवून दिला.

आता मी काय करते सांगते. दहा-बारा पानं झाली की पुस्तक बंद, अगदी उलटं ठेवायचं, आणि वहीत दोन-तीन ओळी लिहायच्या. पण सारांश नाही लिहायचा हं, तो कोणालाही लिहिता येतो. मी लिहिते 'हा लेखक कोणाशी भांडतोय?' कारण आपल्या विषयांत कोणीही उगाच पुस्तक लिहीत नाही, आधी कोणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं आणि ते याला पटलेलं नसतं. तो भांडणाचा मुद्दा सापडला की बाकीची पानं आपोआप त्याभोवती लागतात. पहिले काही दिवस काहीच लिहिता येणार नाही, पेन हातात धरून बसशील. तसंच बसायचं, आणि अगदीच अडलं तर पुस्तक उघडून परत बंद करायचं.

तू चार पुस्तकं वाचलीस म्हणतोस. ती चारही एकमेकांशी सहमत होती का रे? तिथून बघ.

---

फळा_डस्टर

गेली बावीस वर्षं सरकारी कॉलेजात इतिहास शिकवतोय. तुझी पोस्ट दोनदा वाचली. सविस्तर लिहितो, कारण तुझ्या मॅडमनी पेन्सिलने जे केलंय ते मीही करतो, आणि पोरं ते बघून घाबरतात हे मला पार उशिरा कळलं.

'राजा बेफिकीर होता' हे तू कुठून आणलंस ते मला निबंध न बघता सांगता येईल. सोळाव्या लुईच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ या तारखेला, म्हणजे पॅरिसच्या लोकांनी बॅस्टिलचा तुरुंग घेतला त्याच दिवशी, एकच शब्द आहे, 'काही नाही'. ही गोष्ट पुस्तकापुस्तकातून येते आणि वाचणारा म्हणतो, बघा, राज्य बुडतंय आणि याला पत्ता नाही.

आता ती वही तुझ्या हातात आहे असं धर. पहिला प्रश्न, वही कसली? ती आपण समजतो तशी मनातलं लिहायची डायरी नाही, मुख्यतः शिकारीची नोंदवही आहे. कुठे गेलो, काय मारलं, किती मारलं. शिकार नाही झाली की 'काही नाही'. याला पुरावा त्याच वहीत, तीनच दिवस मागे जा. ११ जुलैची नोंद आहे, 'काही नाही. नेकर गेले.' नेकर म्हणजे त्याचे अर्थमंत्री, लोकांचे लाडके, राजाने स्वतः त्यांना काढलं आणि त्या बातमीनेच पॅरिस पेटलं. म्हणजे एकाच ओळीत 'काही नाही' पण आहे आणि एवढी मोठी घटना पण आहे. मग 'काही नाही' चा अर्थ 'आज काही घडलं नाही' असा कसा लावणार?

इथवर आलास की तू या निबंधात यायला लागलास. कारण आता पुढचा प्रश्न तुझा आहे. राजा बेफिकीर नव्हताच असं यातून सिद्ध होतं का? नाही होत. एखादा म्हणेल, त्या आठवड्यातही जो माणूस शिकारीचा हिशेब ठेवतो त्याच्याबद्दल ही वही काहीतरी सांगतेच. दुसरा म्हणेल, सवयीने लिहिलेल्या एका शब्दावर एवढा भार टाकू नका. तुला काय वाटतं आणि का वाटतं, एवढंच मॅडमनी विचारलंय. क्रांतीवर तुझं भाषण नकोय त्यांना, हा कागद बघून तू काय म्हणतोस ते हवंय.

शेतकऱ्यांचंही तसंच. ते त्रस्त होते हे खरं, १७८८ च्या जुलैत गारपिटीने पिकं झोपली होती, सुगी वाईट गेली, पुढच्या वर्षी भाव चढत गेले. पण त्रास होता हे आपल्याला त्यांच्या तोंडून कळतं की दुसऱ्या कोणाच्या? ५ मे १७८९ ला एस्टेट्स-जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा भरली, त्याच्या आधी गावोगावी लोकांनी आपापली गाऱ्हाणी लिहून काढली होती, तक्रारवह्याच म्हण. हजारोंनी आहेत. खुद्द गावाने लिहिलेल्या, यापेक्षा चांगला पुरावा काय हवा असं वाटतं. पण गावात लिहिता येणारे किती, तर बऱ्याच ठिकाणी लिहिणारा वकील किंवा कारकून, आणि नमुन्याचे मसुदे फिरत होते, त्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली सापडतात. मग ही वही वाचताना शेतकरी कुठे बोलतोय आणि वकील कुठे बोलतोय हे ओळखायचं कसं? या एका प्रश्नावर लोकांनी आयुष्यं घालवलीत. तू आठ पानं घाल.

'अटळ' या शब्दाबद्दल एवढंच की १७८९ च्या जून महिन्यात जगणाऱ्या कोणालाही जुलै माहीत नव्हता. आपल्याला शेवट माहीत आहे म्हणून आपण तो शब्द वापरतो.

आता मॅडमबद्दल. माझ्याकडे एका सत्रात ऐंशीच्या वर निबंध येतात. एकाला वीस मिनिटं धरली तरी सव्वीस तासांच्या वर जातं, आणि हे तास वेळापत्रकात कुठे नसतात, रात्रीचे आणि रविवारचे असतात. मार्क टाकून मोकळं होणं सगळ्यात सोपं. जी बाई 'परत लिहून आण' म्हणते तिने स्वतःहून तुझ्यासाठी आणखी वीस मिनिटं काढून ठेवलीत. म्हणून जा. 'काही कळलं नाही' म्हणत जाऊ नकोस, त्यावर आम्हाला पण काय बोलावं सुचत नाही. एक पान घेऊन जा, त्यावर एका वाक्याखाली रेघ मारलेली, आणि म्हण की हे वाक्य मी असं बदलतोय, बरोबर वाटेवर आहे का. पाच मिनिटांचं काम आहे, आणि खरं सांगू का, अशा मुलाची आम्ही वाट बघत बसलेलो असतो.

---

दोन_कॉलेजं

फळा सरांनी निबंधाचं इतकं छान सांगितलंय की त्यात भर घालत नाही, मी सेमिनारचं बोलते.

मी तात्पुरत्या नेमणुकीवर साहित्य शिकवते, एकाच वेळी दोन कॉलेजांत, सकाळी इथे आणि दुपारी तिथे. दोन्हीकडे मला बसायला स्वतःचं टेबल नाही, मुलं भेटायला आली की आम्ही जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभं राहून बोलतो, तिथे खिडकी आहे म्हणून उजेड तरी असतो. सांगायचं कारण, सगळ्यांच्याच दारावर भेटायच्या वेळा लावलेल्या नसतात, काहींना दारच नसतं, तर तुझ्याकडे ते दार आहे तर वापर.

वर्गातल्या शांततेची भीती फक्त तुलाच आहे असं समजू नकोस. फळ्यापुढे उभं राहिलेल्या माणसालाही ती तेवढीच खायला उठते. मी पहिली दोन-तीन वर्षं प्रश्न विचारायचे आणि कोणी बोललं नाही की लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकायचे, आणि वर म्हणायचे मुलं बोलतच नाहीत. मग मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंचं काम वाचलं. त्यांनी १९७० च्या आसपास शाळेतल्या विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून मोजलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात, तर साधारण एक सेकंद. तेच तीन सेकंदांच्या वर नेलं तर उत्तरं लांब व्हायला लागली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली. शाळेतली गोष्ट आहे, पण मी आमच्या वर्गात करून बघितली. मनात आकडे मोजते आणि खिडकीबाहेर बघते, म्हणजे कोणाला नजरेचा धाक नको. पहिल्या दिवशी ते पाच आकडे मला संपता संपेनात. पण सहाव्या आकड्याला एक मुलगी बोलली जी सहा महिने गप्प होती, आणि ती जे बोलली ते माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

तुझ्या बाजूने काय करता येईल, तर पहिल्या दहा मिनिटांतच बोलून टाक. चर्चा रंगात आल्यावर शिरणं आम्हालाही जमत नाही. आणि वाक्य जुळवत बसू नकोस, उताऱ्यातली एक ओळ पान नंबरासकट वहीत लिहून ने आणि म्हण, 'या पानावरची ही ओळ मला कळली नाही, इथे हा शब्द का वापरलाय?' बस, एवढंच. मला विचारशील तर सेमिनारमध्ये यापेक्षा उपयोगी वाक्य दुसरं नाही, कारण पंधरातल्या किमान दहा जणांना ती ओळ कळलेली नसते.

हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकांनी केंब्रिजमध्ये शिकवताना मुलांना कविता दिल्या होत्या, कवीचं नाव नाही, साल नाही, काही नाही, वाचा आणि काय वाटतं ते लिहून आणा. चांगली तयारीची मुलं, पण नावाचा आधार काढल्यावर अनेकांची साधा अर्थ लावतानाच दांडी उडाली, नावाजलेल्या कविता फेकून दिल्या आणि सुमार कविता डोक्यावर घेतल्या. त्यातली निवडक उत्तरं त्यांनी १९२९ मध्ये पुस्तकातून छापली, आणि साहित्य शिकवायची अख्खी एक पद्धत त्या न कळण्यातून उभी राहिली. आपल्या शाखेत न कळणं हा सुरुवातीचा माल आहे रे, तो लपवून ठेवलास तर शिक्षकाने काम कशावर करायचं?

---

हजेरी_४१

सगळं मान्य, पण एक बाजू राहतेय म्हणून लिहितो. सगळ्यांच्याच वाट्याला फळा सरांसारखे शिक्षक येत नाहीत. मी दुसऱ्या वर्षाला असताना असंच एक पान घेऊन तीनदा गेलो होतो, दोनदा खोली बंद आणि तिसऱ्यांदा 'नोट्समध्ये आहे सगळं, वाच' असं ऐकून परत आलो. खूप लागलं होतं तेव्हा. त्यामुळे एखाद्याला हे वाचून जावंसं वाटलं आणि तिथे असं काही झालं तर तो तुमचा दोष नाही.

आम्ही मग चौघांनी मिळून गट केला. दर बुधवारी एकाने आपली दोन पानं आणायची, बाकीच्या तिघांनी पेन्सिल घेऊन वाचायची. नियम एकच, 'छान', 'मस्त' लिहायचं नाही, जिथे पटत नाही तिथे फक्त 'कशावरून?' लिहायचं. योगायोगाने तुझ्या मॅडमचाच शब्द. पहिल्या बुधवारी माझ्या दोन पानांवर अकरा आले. रडायला आलं होतं. पण परीक्षेत लिहिताना हात आपोआप थांबायला लागला, ते त्या अकरांमुळेच.

---

मागचा_बाक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

फळा सर, ती 'काही नाही' ची गोष्ट माझ्या चौथ्या पानावर जशीच्या तशी आहे, आणि मी ती निबंधातली सगळ्यात भारी जागा समजत होतो. तुमचं वाचल्यावर परत ते पुस्तक काढलं. तिथे तळटीपच नाहीये, नुसतं सांगून पुढे गेलेत. दुसऱ्या पुस्तकात बघितलं तर तिथे शिकारीचं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे दोन्ही पुस्तकं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी होती आणि मला दिसलं नाही. ताई, तू म्हणालीस ना चारही सहमत होती का, तर नव्हती. मी चौघांची वाक्यं एकत्र करून मधली भांडणं पुसून टाकली होती.

आता त्या तक्रारवह्या बघाव्याशा वाटतायत पण कुठे शोधू? फ्रेंच येत नाही. लायब्ररीत इतिहासाची कपाटं बघूनच दडपण येतं.

---

चष्मा_आणि_शिडी

मी ग्रंथपाल, आता निवृत्तीला आलोय. हे माझ्या खात्यातलं म्हणून बोलतो.

तुझ्या लायब्ररीत दशांश वर्गीकरण असेल तर (मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये आणलेलं, जगभर अजून चालतं) इतिहासाचं घर ९०० पासून. ९४० युरोप, ९४४ फ्रान्स, ९४४.०४ म्हणजे क्रांतीचा काळ. तो आकडा पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला असतो. त्या फळीसमोर नुसता उभा राहा आणि डावी-उजवीकडची पुस्तकं काढून बघ, कॉम्प्युटरवर नाव टाकून शोधलंस तर जे माहीत आहे तेवढंच मिळेल, फळीवर मात्र शेजारचं न मागितलेलं पुस्तक हाताला लागतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मुलांना खरं हवं असलेलं पुस्तक बहुतेक वेळा मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारीच सापडलंय.

तक्रारवह्यांचे निवडक उतारे भाषांतर करून छापलेले संग्रह असतात. 'क्रांतीची कागदपत्रं' अशा अर्थाचं नाव असलेलं जाडजूड पुस्तक शोध. सापडलं की पहिल्या पानापासून वाचायला बसू नकोस, मागे जा, शेवटची शब्दसूची उघड आणि ती सावकाश वाच. नुसते शब्द आणि पान नंबर असतात पण कोणत्या शब्दापुढे पान नंबरांची रांग लागलीय ते बघ, त्यावरून पुस्तकात काय भरलंय ते कळतं.

आणि एक काम आजपासून. प्रत्येक नोंदीखाली पुस्तकाचं नाव आणि पान नंबर, लगेच, तिथल्या तिथे. लेखकाचे शब्द असतील तर अवतरणचिन्हं, तुझे असतील तर नाहीत. दर वर्षी सबमिशनच्या आदल्या आठवड्यात माझ्या टेबलासमोर चार-पाच मुलं उभी असतात, वहीतलं वाक्य आपलं की पुस्तकातलं तेच त्यांना आठवत नसतं, आणि मग न चोरता चोरीचा शिक्का बसायची वेळ येते. ते चेहरे बघवत नाहीत.

तिथल्या ग्रंथपालांशी बोल. आम्हाला प्रश्न विचारलेला खरंच आवडतो.

---

मागचा_बाक

दोन आठवड्यांनी लिहितोय, सांगितल्याशिवाय राहवेना.

काका, ९४४.०४ ची फळी तळातून दुसरी निघाली, जमिनीवर बसून बघितली. कागदपत्रांचा संग्रह मिळाला, तुम्ही म्हणालात तसा मागून उघडला. शब्दसूचीत 'कबुतरं' होतं. मला वाटलं छापायची चूक असेल. पानं काढली तर एका मागून एक गाव तेच म्हणतंय, की सरंजामदाराच्या कबुतरखान्यातली कबुतरं पेरलेलं बी खाऊन जातात, ससे आणि हरणं उभं पीक खातात, आणि आम्हाला ती मारायची बंदी आहे कारण शिकारीचा हक्क फक्त त्यांचा. मिठावरचा कर वगैरे होतंच, ते मी निबंधात लिहिलेलं होतं, पण ससे माझ्या एकाही नोट्समध्ये नव्हते. आणि मग एकदम डोक्यात आलं की इकडे राजाची वही शिकारीची, तिकडे गावाची वही पण शिकारीचीच, फक्त पिकाच्या बाजूने लिहिलेली. मी उठून लायब्ररीतच दोन चकरा मारल्या.

पुढे वाचलं तर ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री राष्ट्रीय सभेत सरंजामी हक्क सोडायचं ठरलं आणि नंतर त्याचा जो हुकूम तयार झाला त्यात दुसरं कलम कबुतरखान्यांचं आणि तिसरं शिकारीचं आहे. इतक्या वरती! चार पुस्तकं वाचून ते मी बघितलंच नव्हतं.

नवीन सुरुवात अशी केली: 'सोळाव्या लुईने १४ जुलै १७८९ रोजी काही नाही असे लिहिले, कारण त्या दिवशी शिकार झाली नव्हती. त्याच वर्षी वसंत ऋतूत अनेक गावांनी आपल्या तक्रारवह्यांत शिकारीबद्दलच लिहिले होते, पण त्यांच्याकडे लिहिण्यासारखे पुष्कळ होते. हा निबंध या दोन प्रकारच्या नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचा प्रयत्न आहे.'

हे एक पान घेऊन मॅडमकडे गेलो. दार उघडंच होतं. त्यांनी उभ्या उभ्या वाचायला घेतलं, मग खुर्ची ओढली, माझ्यासाठी पण ओढली. पेन्सिल काढली आणि खालच्या परिच्छेदात एका ठिकाणी लिहिलं, 'कशावरून?' ते वाक्य होतं 'गावकऱ्यांना राजाच्या शिकारीचा राग होता'. या वेळी मला त्यांनी समजावायच्या आधीच दिसलं. वह्यांमधली तक्रार त्यांच्या त्यांच्या सरंजामदाराबद्दल आहे, राजाला तर ते आपलं मानून गाऱ्हाणं सांगतायत, बऱ्याच वह्यांत त्याच्याबद्दल किती आदराने लिहिलंय. दोन शिकारी एकत्र जोडायच्या नादात मी उडी मारली होती. मी तसं बोललो तर मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, मग आता काय करणार?

तेव्हा उत्तर नव्हतं. घरी येऊन तिसरं कलम नीट वाचलं, त्यात राजाची राखीव शिकारीची रानंसुद्धा रद्द केलीत असं स्पष्ट आहे. म्हणजे कुठेतरी राजाच्या शिकारीचाही त्रास होताच, बहुधा पॅरिसच्या आसपास, कारण ती रानं तिकडेच जास्त होती. ते गाव सापडलं तर वाक्य ठेवता येईल, नाही सापडलं तर काढून टाकायचं.

शुक्रवारी सेमिनारमध्ये बोललो. ताईंनी (दोन कॉलेजंवाल्या) सांगितलं होतं तसंच, सुरुवातीलाच, एक ओळ आणि पान नंबर. आवाज कापत होता. समोरची मुलगी म्हणाली, मला पण तिथेच अडलं होतं. मग तिने आणि मी मिळून बुधवारचा गट सुरू करायचं ठरवलंय, सध्या आम्ही तिघं आहोत.

काका, पॅरिसच्या आसपासच्या गावांच्या वह्या वेगळ्या काढून छापलेल्या असतात का? माझ्याकडे पाच दिवस आहेत.

---

चष्मा_आणि_शिडी

त्या संग्रहात प्रत्येक उताऱ्याच्या वर गावाचं आणि प्रांताचं नाव असेल, आधी ते बघ. मग नकाशाचं पुस्तक घे, ९१२ च्या फळीवर, आणि गावं टिंबाटिंबाने लावत जा. संग्रहाच्या शेवटी मूळ कागद कुठल्या ग्रंथातून घेतले त्याची यादी असते, ती फोटो काढून इथे टाक, उद्या सकाळी लायब्ररी उघडली की मी आमच्याकडे काय आहे ते बघून सांगतो.